घडी घालू नये

मी पुठ्ठा बोलतोय. सहा वर्षं पनवेल ते आपटा आणि आपटा ते पनवेल अशा टपालाच्या खेपा केल्या, पण माझ्या पोटातल्या एकाही कॉमिकला कधी घडी पडू दिली नाही. एकाही! छाती फुगवून सांगतो. पुठ्ठ्याची छाती ओल लागल्यावरच फुगते, ते सोडा. आणि बरं, खोटं कशाला बोलू, एका अंकाला पडली घडी. एकाच. तीच सांगायला बसलोय.

बसलोय म्हणजे आडवा पडलोय. पनवेलच्या बाजारातल्या एका चिंचोळ्या दुकानात, काउंटरवर, झेरॉक्सच्या मशीनशेजारी. माझ्या एका बाजूला दुकान चालवणारी शाजिया उभी आहे, दुसऱ्या बाजूला आपट्याहून आलेला म्हातारा कमळाकर. दोघांच्या मध्ये एक निळं पेन. दोघंही गप्प. तेवढ्यात मी माझं पुराण उरकून घेतो. माणसं गप्प झाली की पुठ्ठ्याला बोलायला सवड मिळते, एरवी आमचं कोण ऐकतंय!

माझा जन्म शाळेच्या रद्दीतला. पहिलीपासून सातवीपर्यंतची जुनी पुस्तकं कारखान्यात आली, त्यांचा लगदा झाला आणि त्या लगद्यातून मी निघालो. आठवीचा गठ्ठा दुसऱ्या गाडीत गेला, म्हणून माझं शिक्षण सातवीवर थांबलं. बेरीज येते, अपूर्णांक अर्धेमुर्धे येतात. नागरिकशास्त्रातली कर्तव्यं पाठ आहेत, हक्कांचं पान मात्र लगद्यात विरघळलं. हसू नका, तुमच्यातही असे पुष्कळ आहेत.

पहिली नोकरी खोक्याची. कोऱ्या वह्या पोटात घेऊन मी या दुकानात आलो. वह्या विकल्या गेल्या, खोकं रिकामं झालं, आणि एक दिवस दुकानाचा मालक खलील, म्हणजे शाजियाचा बाप, हातात ब्लेड घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, संपलं. पण त्याने मला कडेकडेने नीट कापलं, मधोमध दुमड दिली आणि पुस्तकाच्या कव्हरासारखी दोन पाखं केली. हे सगळं एका शिवीमुळे घडलं. ती शिवी कमळाकरची.

खलील आणि कमळाकर शाळेत एका बाकावरचे. तेही सातवीपर्यंतच, म्हणून तर आमचं तिघांचं जमलं. दोघांत मिळून एकच कॉमिक असायचं. खलील मोठ्याने वाचायचा आणि कमळाकर पानं उलटायचा. आणि ऐन मारामारीत, खलनायक तलवार उपसतोय तेवढ्यात, हा मुद्दाम पान उलटायचा. मग बाकावरच खरी मारामारी.

पुढे खलील कुवेतला गेला. अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत चादरी, टॉवेल, पांढरे झगे यांच्या घड्या घालत राहिला. इकडे कमळाकरची जमीन कॉलनीसाठी गेली. त्याच्या बापाचे वाल जिथे व्हायचे तिथे आता खांदा कॉलनीतल्या इमारती उभ्या आहेत. त्याने पाताळगंगेकाठी आपट्याला घर बांधलं. दोघांची ताटातूट झाली ती झालीच.

खलील परत आला तेव्हा केस चादरींइतके पांढरे झाले होते. त्याने हे दुकान टाकलं. वह्या, पेनं, झेरॉक्स, आणि हौस म्हणून ‘खेकडावीर’ नावाच्या मासिक कॉमिकची वर्गणी घेणं. खेकडावीर हा आपला खाडीतला वीर. तिरका चालतो म्हणून कुणाच्या नेमात येत नाही. दाराशी पाटी लागली: ‘वर्षाची वर्गणी भरा. दर महिन्याला अंक घरपोच, सुरक्षित.’

एका बाजाराच्या दिवशी कमळाकर ती पाटी वाचत उभा राहिला. वाचत म्हणजे अक्षर लावत. मग आत शिरला. दोघांनी एकमेकांना ओळखलं, मिठी मारली, डोळे पुसले आणि लगेच भांडण सुरू केलं.

“तू अजून कॉमिक वाचतोस, कमळ्या? तुला तर वाचताच यायचं नाही!”

“वाचतंय कोन? मी पानां उलटतंय. घे वर्गणी. पन टपालानं धाड हां. तुझे दुकानात फेऱ्या माराला मी रिकामा नाय.”

हे मला खलीलने मागून शंभरदा ऐकवलंय. मी तेव्हा मागच्या फळीवर खोकं होतो, पण वह्यांमुळे कान बंद होते.

खलीलने पहिला अंक टपालाला काढला. आता त्याच्या हातांची गंमत बघा. डोकं दुकानात, पण हात अजून कुवेतला! त्या हातांनी अंक काउंटरवर ठेवला, तळव्याने सपाट केला, कडेला कड जुळवून एक घडी घातली, वरून आडवी दुसरी घातली, अंगठ्याने दाबून इस्त्रीसारखी रेघ काढली आणि पाकिटात सरकवला. पाकीट चिकटवल्यावर गडी समाधानाने हसला.

चार दिवसांत अंक परत. खेकडावीराच्या दोन्ही नांग्यांवरून आरपार घडी गेलेली. सोबत चिठ्ठी: ‘खल्या, अठ्ठावीस वर्सां घड्या घातल्यास, पोट नाय भरला? माझे पुस्तकाला तरी सोड.’

खलील इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. मग उठून ब्लेड घेतलं. तेव्हा झालो मी.

माझ्या आतल्या बाजूला त्याने पहिली ओळ लिहिली: ‘कमळ्या, आता घाल घडी, हिंमत असेल तर. पुठ्ठा परत पाठव, नाहीतर पुढचा अंक लुंगीत गुंडाळून येईल.’ माझ्या पोटात नवा अंक ठेवला, सुतळीने उभा-आडवा आवळला, पाकिटात घातला, आणि वर लाल अक्षरात लिहिलं: घडी घालू नये.

ती सुतळीची गाठही सांगतो. लाँड्रीत मळक्या चादरींची गाठोडी बांधतात, त्यातली. ओढावी तितकी आवळत जाते. खलीलने ती मुद्दाम मारली, म्हाताऱ्याला छळायला. आणि म्हातारा कसला, चाकू लावेल तर शपथ! सूनबाई सत्यवती कात्री घेऊन आली की ओरडायचा, “ठेव ती कात्री! खल्या बोलंल, कमळ्याला गाठ सुटली नाय!” मग ओटीवर बसून नखं, दात, खिळा असं सगळं वापरून अर्धा तास तो गाठीशी झुंजायचा. पोस्टमन रामूही पाण्याचा तांब्या घेऊन बघत बसायचा. बाकीच्या गावाचं टपाल तेवढा वेळ उन्हात.

गाठ सुटली की सत्यवती अंक मोठ्याने वाचायची आणि कमळाकर पानं उलटायचा. ऐन रंगात आलं की उलटलंच.

“बाबा, थांबा ना! मेला का जगला तो?”

“फुडल्या पानावर गेलाय.”

मग त्याने माझ्यावर उत्तर लिहायचं, तेच पाकीट उलगडून आतली बाजू बाहेर करायची, भाताच्या शितांनी चिकटवायचं आणि रामूच्या हाती द्यायचं. असा मी जायचो आणि यायचो. तिसऱ्या महिन्यात खलीलने माझ्यावर नियम लिहिला. तो अजून वाचता येतो, फक्त शाई जरा पसरलीय:

‘पुठ्ठा भरेल तेव्हा शेवटची ओळ ज्याची, तो जिंकला. हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या घरी जायचं आणि वाढतील ते नावं न ठेवता जेवायचं. तोवर भेट नाही, फोन नाही.’

खाली कमळाकर: ‘मंजूर. सुका बोंबील खावाची तयारी ठेव.’

पनवेलहून आपटा किती लांब? एसटीने निघालात तर हातातलं केळं खाऊन साल टाकायला जागा शोधेपर्यंत पोचाल. एवढ्या अंतरावर दोन म्हातारे सहा वर्षं भेटले नाहीत, कारण काय, तर पुठ्ठ्यावर जागा उरली होती! मी सातवी पास, पण मलासुद्धा हा वेडेपणा वाटायचा. बोललो मात्र नाही. खरं सांगू? मला मजा येत होती. अंगावर कुणी लिहीत असलं की पुठ्ठ्यालाही आपण पुस्तक असल्यासारखं वाटतं.

मीही कमी खोड्या केल्या नाहीत. रामूच्या पिशवीत बसलो की कोपरा त्याच्या बरगडीत खुपसायचो. विजेची बिलं माझ्याखाली चेपून जायची, लग्नपत्रिका तर हूं का चूं करत नसत. एकदा एका जाड सरकारी लखोट्याने मला दरडावलं, “सरक.” मी म्हटलं, “साहेब, वाचा. घडी घालू नये. तुमच्यावर असं कुणी लिहिलंय का?”

लॉकडाऊनमध्ये मी अडीच महिने आपट्याच्या फळीवर पडून होतो. अंक येईना, टपाल हलेना. कमळाकर रोज मला खाली काढायचा, वाचायचा, परत ठेवायचा. फोन करावा असं त्याच्या मनात येत होतं. मोबाईल हातात घेऊन बसायचा ना! पण नियम म्हणजे नियम. टपाल सुरू झालं तेव्हा मी पनवेलला गेलो आणि खलीलची ओळ घेऊन परत आलो: ‘जिवंत आहेस का?’ खाली कमळाकरने लिहिलं: ‘तुला हरवल्याबिगर कुठं जाऊ?’

ते वाचून खलीलने मला जरा वेळ छातीशी धरलं होतं. शाजिया बघतेय असं दिसताच माझ्यावरची धूळ झटकल्यासारखं केलं. लबाड.

अशी वर्षं गेली. माझे कोपरे मऊ झाले, दुमडीवर तीनदा चिकटपट्टी लागली. जागा कमी होत गेली तसा दोघांना चेव चढला. एकाने मोठं अक्षर काढून जागा खायची, दुसऱ्याने त्याच्या दोन ओळींमध्ये घुसायचं. यंदाच्या होळीनंतर मी कमळाकरची ही ओळ घेऊन दुकानात आलो: ‘चार बोटां जागा उरलीय. मरू नको इतक्यात. हरवल्याबिगर सोडनार नाय तुला.’

खलील ती वाचून हसला. हसता हसता खोकला आणि काउंटरला धरून उभा राहिला. चार-पाच दिवस छातीत दुखत होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. शाजियाने रिक्षा बोलावली. जाताना तो तिला म्हणाला, “आपट्याचा अंक जायचाय. घडी पडता कामा नये हं, बेटा. त्याला गाठ...” पुढचं रिक्षाच्या आवाजात राहिलं.

तो परत आला नाही.

काही दिवस शटर बंद होतं. अंधारात मी आणि त्या महिन्याचे नवे अंक. अंक तरुण, त्यांना काय कळणार! ते आपले विचारत होते, आम्हाला कधी पाठवणार म्हणून.

मग शाजियाने दुकान उघडलं. सगळे अंक टपालाला काढले, शेवटी मी राहिलो. तिच्याकडे कमळाकरचा नंबर नव्हता, होता तो फक्त पत्ता. तिने पेन उचललं. मला कळलं, ती काय लिहिणार आहे. ‘अब्बा’ एवढं लिहायला पेन टेकवलं आणि तिची नजर वरच्या ओळीवर गेली. मरू नको इतक्यात. तिने पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मी आतून ओरडत होतो, “लिही, बाई, खरं ते लिही!” पण मी वाकडा बोलणारा, माझं सरळ बोलणं कुणाला ऐकू जाणार?

तिसऱ्यांदा तिने अक्षर जरा वाकडं काढलं, अगदी बापासारखं, आणि लिहिलं: ‘आधी हरल्याचं कबूल कर. मरणाचं मग बघू.’ लिहून झाल्यावर हातांनी तोंड झाकून ती बराच वेळ बसली. झेरॉक्सला आलेली एक मुलगी तशीच परत गेली.

मग तिने मला सुतळी बांधली. बुटाच्या नाडीची मारतात तशी सुरगाठ, वर छान दोन पाकळ्या. भेटवस्तू बांधावी तशी. बिचारीला दुसरी येतच नव्हती. मी गाठीला म्हटलं, “घट्ट धर गं.” ती म्हणाली, “मी धरते, पण मला कुणी शिकवलंच नाही.”

पिशवीत हेलकावे बसले. सुतळी सैल झाली. अंक माझ्या पोटातून हळूहळू खाली सरकला, कोपरा बाहेर आला, आणि रामूने पिशवी टेकवली तेव्हा तो कोपरा दुमडला. खेकडावीराची डावी नांगी. सहा वर्षांतली पहिली घडी. मी असून पडली. हीच ती.

कमळाकर ओटीवर बसला, खिळा जवळ घेतला. सुतळीचं टोक ओढलं. गाठ सुटली.

खिळा हातातच राहिला. त्याने सुतळी उचलून बघितली. मग अंक बघितला. दुमडलेला कोपरा अंगठ्याने सपाट केला. एकदा केला, पुन्हा केला. मग माझ्यावरची नवी ओळ वाचली. अक्षर बरोबर होतं, शब्द बरोबर होते.

रामू म्हणाला, “काय तात्या, आज घडी पडली! आता खलीलभाईंची काय खैर नाय!”

सत्यवतीही पदराला हात पुसत आली. “बाबा, शिव्या नाय का आज?”

“नाय,” म्हणाला. “गरमी हाय. वाचू उद्या.”

दुसऱ्या दिवशी सत्यवतीने वाचलं. त्याने पान उलटायला उशीर केला. ती शेवटपर्यंत वाचून थांबली, तरी हा बघत बसलेला.

माझ्यावर त्याने घडीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते इतकंच: ‘कबूल कशाला करू, जागा हाय अजून.’ आणि ते इतकं बारीक लिहिलं, की मला गुदगुल्या झाल्या. एरवी हा माणूस बैलगाडीएवढं अक्षर काढणारा! तिकडे शाजियाने ते वाचलं आणि तिनेही मुंगीएवढं अक्षर काढलं. मग काय, चार बोटं जागा, ती पुरवून पुरवून वापरायला लागले दोघं. पुढच्या खेपांना गाठ सैलच असायची, पण अंक सरकू नये म्हणून शाजिया चारी बाजूंनी कागदाचे बोळे घालायची. कमळाकर ते बोळे उलगडून एकावर एक नीट रचून ठेवायचा.

आणि मग गेल्या महिन्यात जागा संपली. एक ओळ उरली, अगदी खाली, चिकटपट्टीच्या कडेला. पाळी कमळाकरची. मी आठवडाभर फळीवर होतो. तो पेन घ्यायचा, माझ्याकडे बघायचा, पेन खिशाला लावायचा. रामू दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा कमळाकर म्हणाला, “टपालानं नाय धाडायचा याला आता.”

आज सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला, मला पिशवीत घेतलं आणि सत्यवतीबरोबर एसटीत बसला. दुकानापाशी येऊन पाटी अक्षर लावून लावून वाचली.

“खलीलचा दुकान ना यो?”

“हो, चाचा. झेरॉक्स का?” शाजियाने मशीनवरून मान वर न करता विचारलं.

“नाय. हरलो. जेवाला आयलो.”

तिने मान वर केली. मला पिशवीतून बाहेर येताना बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

“चाचा, अब्बा...”

“मना ठाव हाय, पोरी.”

“कधीपासून?”

“तुझे पैले गाठीपासून. खल्याची गाठ सोडवाला अर्धा तास लागाचा मना. ती चुटकीत सुटली. तवाच समजलो, हात दुसरा हाय.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत? एवढी घडी पडली होती...”

“तुला कशाला शिव्या घालू? तू त्याचा नाव चालवत व्हतीस.”

दारात उभी राहिलेली सत्यवती नाक ओढत म्हणाली, “मनापन नाय सांगितला यांनी. चार महिने रोज जुना अंक काढून त्या कोपऱ्यावरून हात फिरवतान.”

शाजियाने डोळे पुसले. मला उलगडून काउंटरवर पसरलं आणि ती रिकामी ओळ बघितली. निळं पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं. “चाचा, पाळी तुमची आहे. लिहा. तुम्ही जिंकलात.”

आपण आत्ता इथे आहोत. पेन पडलंय, कुणी उचलत नाही. खोड्या पुरे झाल्या माझ्या. पोट फाटत आलंय, कणा गेलाय, यापुढे एक अंकसुद्धा मला सांभाळवणार नाही. शाजिया नवीन पुठ्ठा कापेल, बबलवाल्या प्लॅस्टिकची पाकिटं आणेल, बाकीच्यांचे अंक सुखरूप पोचतील. माझं मागणं एवढंच. मला रद्दीत घालू नका. पुन्हा लगदा झालो, तर खलील आणि कमळाकर त्यात वेगवेगळे सापडायचे नाहीत. आणि वाचकहो, तुमचा कुणी एसटीच्या अंतरावर असेल, तर त्याच्याशी पैजा लावत बसू नका. पुठ्ठ्यावर जागा आहे म्हणून माणसाकडे वेळ असतो असं नाही. हे सातवीच्या पुस्तकात नव्हतं, बहुतेक आठवीच्या असेल.

शाजियाने पेनाचं टोपण काढलं. आता ते त्याच्या बोटांत देतेय. “लिहा ना, चाचा. अब्बांना हरलेलं चाललं असतं. एक ओळ तर आहे.”

कमळाकरने पेन घेतलं नाही. माझ्यावर तळवा ठेवला, रिकामी ओळ झाकली जाईल असा.

“मी लिवला तं मी जिंकलो. मंग त्याला माझे घरी जेवाला यावा लागंल. कसा येल तो? तूच सांग.”